वाटी कोरडी

१२ एप्रिल, शनि.
कॉम्प्युटरचं मशीन आज तिसऱ्यांदा आपोआप बंद. आधी पंखा बोंबलतो, मग एकदम शांत. बिल्डरला बंगल्याची चित्रं महिनाअखेर द्यायची आहेत आणि इथं एक चित्र पुरं होईना. बाहेर बेचाळीस. बायको म्हणते नवीन घे. का म्हणून? पाण्यानं थंड करायचं, गाडीच्या इंजिनासारखं. ठरलं.

१५ एप्रिल, मंगळ.
मोंढ्याजवळ सलीमभाईचं दुकान. जुन्या व्हॅनच्या हीटरचा छोटा रेडिएटर मिळाला. पितळी, दोन तोंडं. एका तोंडाचे आटे झिजलेले. सलीमभाई: "इसकी चूडी मर गई है भाई, दूसरा ले लो." दुसरा टेबलाएवढा होता. हाच आणला.
साधं पाणी नको म्हणाला, आतून खातं, हे हिरवं कूलंट टाक. मग बोट नाचवून: "लेकिन जहर है ये. मीठा लगता. बिल्ली ने चाटा तो गई." हसलो. आपल्याकडे मांजर नाही.
घरी बायकोला सांगितलं तर सु. हसली. आई नाही हसली. चूडी मेली म्हटल्यावर तिनं सुनेच्या मनगटाकडं बघितलं. "आसं बोलू नाय घरात."

१७ एप्रिल, गुरु.
एका तोंडात नळी जोडायचं निपल झकास बसलं. दुसऱ्यात दोन फेरे धरतं, मग नुसतंच फिरतं. टेफलॉनचे बारा वेढे. काढलं, अठरा वेढे. शेवटी पान्यानं दाबून बसवलं आणि वरून लांबी थापली. नळ्या चढवल्या, क्लिपा आवळल्या. दिसायला गचाळ, पण बसलं.
रेडिएटर मशीनच्या बाहेर, खिडकीखाली स्टुलावर, मागं टेबल फॅन. हिरवं पाणी गळलंच तर मशीनवर नको आणि घरात कुठंही नको. म्हणून खाली स्टीलची वाटी. सकाळी आठला मशीन सुरू करताना बघायची, एकदाच. दिवसभर वाकून बघत बसलं की माणसाचं डोकं फिरतं.
आई दारात येऊन, "हे काय रे?"
"कूलर आहे आई. कॉम्प्युटरचा."
"व्हय का." गेली.

१८ एप्रिल, शुक्र.
सहा तास सलग चाललं! हात लावला तर गार. वाटी कोरडी. सु.ला बोलावून दाखवली. "मग?" म्हणाली. कौतुक करायचं जिवावर येतं हिच्या.
नळाला पाणी आलं आठव्या दिवशी. दुपार भांडी भरण्यात गेली.

२१ एप्रिल, सोम.
वाटी कोरडी. पण टाकी म्हणून लावलेल्या बाटलीवर पेनानं खूण केली होती, पाणी खुणेच्या बोटभर खाली. नळ्यांतले बुडबुडे निघत असतील. भरलं.

२३ एप्रिल, बुध.
वाटी कोरडी. पातळी पुन्हा बोटभर खाली. बुडबुडे इतके दिवस निघतात? मशीन उघडलं, टॉर्च मारला, कापूस फिरवला. कोरडं ठणठणीत. मग जातंय कुठं.
आईनं चहात तुळस घातली होती. बरा लागला.

२६ एप्रिल, शनि.
वाटी कोरडी. पातळी खाली. भरलं. चित्रं निम्म्याहून जास्त झाली आहेत, आता बंद करवत नाही. भीती वाटते. सु.ला सांगितलं नाही, इथंच लिहितो.
तुळशीनं मान टाकली. ऊन आहे, म्हटलं. आई चिडली. "उन्हानं नाय. मी रोज पाणी घालते तिला." अंघोळीनंतर दोन पानं चावायचा तिचा नेम काही चुकत नाही. होती तेवढ्यातली हिरवी शोधून खाल्ली.

२९ एप्रिल, मंगळ.
वाटी कोरडी, तिच्या बुडाला बोट फिरवून बघितलं. आईला गरगरतंय, दोनदा उलटी. ऊन लागलं असणार. सु. म्हणते डॉक्टरकडे चला, आई म्हणते लिंबू-पाणी दे.
अकरा दिवस झाले, नळाला पाणी नाही. तरी तुळशीची कुंडी ओली. आई कुठून आणते कोण जाणे.

१ मे, गुरु.
आई सकाळी उठलीच नाही, पडून आहे. आठला वाटी बघितली.
काठोकाठ. हिरवी.
उचलताना थोडं फरशीवर सांडलं. पुसलं, मग आईकडं गेलो. "आई, ही वाटी..."
"राहिली व्हय आज? आरं रोज पाचला उठून वतते की तुळशीला, अन् पुसून ठिवते. कूलरचंच पाणी ना? हिरवट दिसतं, म्हणलं शेवाळ आसंल. नळाला येईना, अन् हे का फेकायचं?"
आमच्या जुन्या कूलरखालची वाटीही ती अशीच रोज कुंडीत ओतायची. कूलर हा शब्द मीच तिला दिला. ती पानं तिनं रोज खाल्ली. चहातून मी आणि सु.नंही.
मशीनचं बटण दाबून बंद केलं. किती चित्रं झाली बघितलं नाही. रिक्षा.

२ मे, शुक्र.
आई दवाखान्यात, सलाईन चालू. काल डॉक्टर म्हणाले, पानांतून फार जाणार नाही बहुतेक, ऊनही असेल. पण किडनी तपासू, तुम्ही दोघंही रक्त द्या. दिलं. मग विचारलं, "गळायला कधी लागलं? नक्की तारीख?"
म्हटलं, मी सगळं वहीत लिहून ठेवतो, बघून सांगतो. मोठ्या ऐटीत सांगितलं.
आज ही वही उघडून बसलो. पहिला थेंब कुठंच नाही. माझ्याच अक्षरात, पान उलटावं तिथं, वाटी कोरडी. वाटी कोरडी. वाटी कोरडी.
तीच वही पिशवीत घालून दवाखान्यात गेलो. डॉक्टर नव्हते. रिपोर्ट उद्या. आई जागी होती. माझं तोंड बघून तिला वाटलं पाण्यावरून रागावलोय. माझा हात धरला.
"डागदरला सांग, एक थेंब बी मी वाया घालवला नाय."