अंगठा आणि देठ

शनिवार, १६ ऑगस्ट

दगड! मी दगड विकते म्हणे!

सेमिता, म्हणजे भरलेले पाव, विकणारी निकानोरा भर बाजारात येऊन टोपली आपटून ओरडली, "तोमासाबाई, 'आजचे' म्हणून दिलेत ना? सुरी जाईना आत! तिळाच्या पावात कच्चा अ‍ॅव्होकाडो भरून देऊ? गिऱ्हाइकांचे दात पडले तर तुम्ही भरून देणार?"

मी म्हटलं, आधी सुरीला धार लाव. मग तोंडाची कमी कर.

एकोणचाळीस वर्षं या मंडईत बसतेय. गिऱ्हाईक आलं की भाव नंतर, आधी एकच प्रश्न — कधीसाठी? आज दुपारी, उद्या, की गुरुवारी? मग फळाच्या मानेपाशी अंगठा हलकेच टेकवायचा. अंगठा वार सांगतो. फळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल पेन्सिलीने तो वार लिहायचा. अख्ख्या आत्लिस्कोत वार लिहून देणारी मी एकटी. त्या दिवशी उघडा आणि खा.

दोष गारठ्याच्या ट्रकचा. हास जातीची साल नुसत्या थंडीनेही पिकल्यासारखी काळी पडते आणि आत कच्चं ते कच्चंच. माझा काय संबंध!

रविवार, १७ ऑगस्ट

निवृत्त मास्तर अबुंदियो झाकणाच्या डब्यात पुरावा घेऊन आले. फुएर्ते जातीचं फळ. बाहेरून हिरवंगार — ते पिकलं तरी हिरवंच राहतं, रंगावर जाणाऱ्याने घ्यायचंच नाही ते — आणि आत तपकिरी लगदा.

"चुलीजवळ ठेवलं असणार तुम्ही."

"बाई, माझ्याकडे गॅस आहे."

"मग गॅसजवळ ठेवलं असणार!"

गेले बिचारे डबा घेऊन.

एदुविहेस हसली असणार. ती गल्लीच्या तोंडाशी, नळाजवळ बसते, तीही अ‍ॅव्होकाडोच विकते. मी तिकडे बघत नाही. तीन वर्षं बघत नाही. माझ्या लेकीची, आरासेलीची धर्ममाता ती, म्हणजे माझी कोमाद्रे, सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. आणि आरासेलीच्याच लग्नात, भर मांडवात, माझ्या ग्वाकामोलेचा, अ‍ॅव्होकाडोच्या चटणीचा, घास घेऊन काय म्हणाली? "एक दिवस घाई झाली गं." एक दिवस! व्याह्यांसमोर!

आणि हिची पद्धत काय, तर देठाचं टोपण नखाने उचकटून खाली हिरवं की तपकिरी ते बघायचं. म्हणजे झगा वर करून बघण्यासारखंच! फळाची अब्रू जाते, आणि वरून हवा शिरून सडतं ते वेगळंच.

मंगळवार, १९ ऑगस्ट

बाजाराचा दिवस. पहाटे टॉर्टिया उलटताना अंगठा तव्यावर राहिला.

मला वासाने कळलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

दवाखान्यात गेले. डॉक्टरीण म्हणजे कालची पोर, कानात तीन तीन डूल. अंगठ्यावर सुई टेकवत विचारते, "आता? आता?" मी म्हटलं, टोचशील तेव्हा सांगीन. ती म्हणाली, "आजी, चार वेळा टोचलं."

साखर. पायांपासून सुरू होतं म्हणे हे बहुतेकांचं. पायांचं काही जाणवलं का? मी नाही म्हटलं. खरं म्हणजे जूनमध्ये माझी चप्पल सुटून पडली होती आणि पंधरा पावलं पुढे गेल्यावर लोकांनी हाका मारल्या होत्या. पण तिला कशाला सांगू? कोकाकोला बंद म्हणाली. गोड पाव बंद. नवरा तर देवानेच बंद केलाय. उरलं काय!

"अंगठा परत येईल ना?"

"साखर आवरली तर आणखी जाणार नाही," म्हणाली.

हे उत्तर नाही.

भीती वाटते. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. हा अंगठा गेला तर मी मंडईत नुसती एक म्हातारी आहे, फळांच्या ढिगामागे बसलेली.

शनिवार, २३ ऑगस्ट

डावा अंगठा वापरून पाहिला. तोही मुखदुर्बळ. मग फळ गालाला लावून पाहिलं, मग ओठांना. बटाटेवाला म्हणाला, "तोमासाबाई, फिदेन्सियो गेल्यावर आता यांच्यावर आलात का?" मेल्या, फिदेन्सियोला कधी एवढं जवळ घेतलं नव्हतं!

गावठी क्रिओलचं बरं असतं. पातळ काळी साल, बडीशेपेचा वास, नाकाला कळतं. सालीसकट खा. पण ते महिनाभर येणार आणि संपणार. हास आणि फुएर्तेला वास कुठला?

मंगळवार, २६ ऑगस्ट

आरासेलीचा फोन. दवाखान्याचं कळलंय तिला, या गावात गुपित कच्चं राहतच नाही. "आई, बस झालं. गाळा सोड, इकडे पुएब्लाला ये."

तिथे येऊन काय करू? ही पोरगी कच्चे अ‍ॅव्होकाडो फ्रिजमध्ये ठेवते! कितीदा सांगितलं — आधी बाहेर पिकव, केळ्याशेजारी कागदात, आणि पिकलं की मग दोन दिवस फ्रिज. कच्चं आत गेलं की ते जन्मभर रुसून बसतं. माझी लेक! तोंड लपवायला जागा नाही.

म्हणाली, आणखी एक तक्रार आली तर मी स्वतः येऊन सामान बांधते.

गुरुवार, २८ ऑगस्ट

गावाजवळच्या ज्वालामुखीने राख टाकली. सहाशे फळं पुसली. त्याला तरी कोण बोलणार!

मंगळवार, २ सप्टेंबर

तक्रार नाही! आठवडाभर एकही नाही! निकानोरा रोज तीस नेते, मुकाट. मास्तर काल हसले सुद्धा. अंगठा सुन्नच आहे, पण बहुतेक आतून काम करत असावा. एकोणचाळीस वर्षांची सवय सुईने कशी मोजणार ती डूलवाली? संत यूदासला मोठी मेणबत्ती लावली. कोकाकोलाही घेतला. लहान बाटली.

शनिवार, ६ सप्टेंबर

मेणबत्ती फुकट गेली.

आज नीट पाहिलं. माझ्याकडून पुडी घेऊन निघालेलं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी थांबतं. एदुविहेसकडे! निकानोरा थांबली. मास्तर थांबले. सांताक्रूझची ती जाडी थांबली. मान खाली घालून काहीतरी कुजबुज, पिशवीत हात, आणि चालू पडतात. म्हणजे माझं थोडं घ्यायचं, तिचं जास्त. गिऱ्हाइकं पळवतेय माझी! माझा अंगठा भाजलेला बघून डाव साधला सटवीने.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गेले तिच्यासमोर. तीन वर्षांनी पहिला शब्द माझा, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. पुढचे बरे होते. म्हटलं, "पोरीची धर्ममाता ना तू? माझ्या ताटातलं ओढतेस?"

ती बसल्या जागी माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. ही बाई एरवी मेलेल्याशीही भांडेल! आज फक्त म्हणाली, "तोमासा, तुझी पेटी उन्हात आलीये. सरकव."

पेटी खरंच उन्हात होती. त्याने राग आणखीच वाढला.

शनिवार, १३ सप्टेंबर

एदुविहेस नाही! नातवाच्या बाप्तिस्म्याला चोलुलाला गेलीये, सोमवारपर्यंत गाळ्यावर ताडपत्री. गल्ली माझी एकटीची! पंधरा तारखेच्या रात्री स्वातंत्र्याचा सण, घराघरांत जेवणावळी, त्यामुळे बहुतेक सगळे 'सोमवारसाठी' मागत होते. त्यांच्याच दीडशे पुड्या बांधल्या. प्रत्येकीवर ठळक लाल 'सोमवार'. हात दुखला. आनंद झाला.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी निकानोरा. काल 'रविवार' लिहून दिलेल्या तिसातले तेरा दगड, सहा लगदा. मागून मास्तर, त्यांच्यामागे आणखी दोघी.

मी तोंड उघडणार तोच निकानोरा करवादली, "आता ओरडू नका हं! आता बदलून तरी कोणाकडे घ्यायचे? ती बसलीये चोलुलाला!"

"बदलून? काय बदलून?"

निकानोराला एकदम कोथिंबीर घ्यायची आठवण झाली. मास्तर टोपी फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "तिने शपथ घातली होती, तोमासाबाई. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

दीडशे पुड्या गावभर गेल्यात. उद्या रात्री अख्खं गाव माझ्या नावाने दगड चावणार. आरासेली सामान बांधायला येईल, आणि या वेळी मी तिला अडवू शकणार नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

सकाळी सातलाच तिची ताडपत्री उचलली. खाली सहा पेट्या. सगळ्या पुड्या माझ्या. माझ्या लाल अक्षरात 'बुधवार', 'शुक्रवार', 'शनिवार'. प्रत्येक वार काट मारून खोडलेला, आणि खाली निळ्या पेनाने, तिच्या त्या मोडक्या अक्षरात, खरा वार. निम्म्यांवर 'सोमवार'.

एक उघडलं. लोणी.

तिथेच नळाशेजारी बसून रडले. तेवढ्यात एदुविहेस बसमधून उतरून आली, हातात बाप्तिस्म्याला वाटतात त्या साखरेत घोळलेल्या बदामांचा डबा. म्हणाली, "रडतेस काय? ऊठ, गाव येईल आता बदलायला. आणि बदाम तुला नाहीत. साखर आहे तुला."

दिवसभर दोघींनी मिळून बदलून दिले. रात्री गावात एकही दगड नव्हता.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज माझ्या पेट्या उचलून नळाजवळ नेल्या, तिच्या फळीवर ठेवल्या. म्हटलं, "तू वार सांग, मी लिहिते."

ती म्हणाली, "मी देठ उचकटून बघते हं."

म्हटलं, "बघ."