रवीचा दोर

नाचणगाव,
माघ, १९५४

प्रिय शेवंता, आशीर्वाद.

परवा तुझा भाऊ हरिदास येऊन गेला. आर्वीच्या मास्तरासंग तुझा पाट लावायचं चालू आहे म्हणे, पण माझ्या होकाराबिगर तू हो म्हणून नाई राह्यली. मी त्याले चहा पाजला, इकडचं तिकडचं बोलली अन् 'कळवीन' म्हणून लावून दिलं.

इकडं बरं आहे. कपिली व्याली, गोऱ्हा झाला. एक दिवसाआड घुसळण होते. ताक न्यायले आळीतल्या बाया गडवे घेऊन येतात. ताक आपण विकत नाई, पण तू प्रत्येकीच्या गडव्यात चिमूटभर लोणीही टाकायची अन् मी ओरडायची. आता बाया गडव्यात वाकून पाहतात अन् मुकाट्यानं जातात.

आपली रवी खांबाले उभी असून मी शेजारच्या सुमित्राबाईची मागून आणते. माहेरी जाताना सुनेनं दोर रवीले गुंडाळून जायचं अन् परत येऊन तिनंच सोडायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाई, हे माझ्या सासूनं मले सांगितलं अन् मी तुले. माझा केशव वारला, हरिदास तुले न्यायले आला, त्या दिवशी तुले पदराचंही भान नव्हतं. दोर तेवढा गुंडाळून गेली. मले वाटलं, पोरगी येते. दोन वर्सं झाडतानासुदिक मी रवीले धक्का नाई लागू दिला. सुमित्राबाई म्हणे, घरची रवी पूजेले अन् मागून आणलेली घुसळायले. म्हटलं, हास बाई.

मास्तराची चौकशी मी केली. दारू पीत नाई, बोलणं मऊ आहे, पहिली बायको तापानं गेली. ऐकून मले वाईट वाटलं, खोटं काऊन बोलू. त्याच्यात खोट निघाली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी सुमित्राबाईकडं गेली नाई. तुझी गाठ लय घट्ट होती, शेवटी दातानं सोडली. घुसळलं, लोणी आलं, पहिला गोळा देवापुढं ठेवला. हरिदासले सांगजो, मामीनं दोर सोडला. अन् पहिल्या बाळंतपणाले माहेरी देवळीले नको जाऊ, इकडं येजो. मी आजपासून तूप साठवून राह्यली.

तुझीच,
आई
(सासूले मामी म्हणणं आता सोड.)