मनगटावरचा रबर

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

उद्यापासून परदेशी गिऱ्हाइकांचे फोन मी घ्यायचे. जासईच्या ऑफिसात साहेबांनी आज शेजारी बसून माझा एक फोन ऐकला आणि हो म्हणाले. हे त्या रबरामुळे झालं, दुसरं काही नाही.

स्पोकन इंग्लिशच्या क्लासच्या मॅडम म्हणतात, आपण इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला सारखंच वजन देतो, मग समोरच्याला कळणार कसं? त्यावर त्यांचा उपाय म्हणजे मनगटात रबर. ‘कंटेनर’मधल्या ‘टे’ला तो ताणायचा, बाकीच्यांना सैल सोडायचा. ‘डिलिव्हरी’त ‘लि’ला. आज टेबलाखाली तेच केलं. पलीकडच्या बाईने एकदाही ‘परत सांगा’ म्हटलं नाही. गेल्या महिन्यात तर मी शेवटी स्पेलिंग सांगत बसले होते!

घरी येऊन बाबांना सगळं सांगायला लागले. मी भराभरा बोलतेय आणि ते माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतायत. हात रबर ताणत होता. मराठी बोलतानासुद्धा, आणि त्याच्याबरोबर शब्दाच्या एकाच तुकड्यावर जोर पडत होता. कधीपासून करतेय मी हे?

बाबा एवढंच म्हणाले, “बाय, घरात आमच्याशी सादं बोल. मी काय तुजं गिऱ्हाईक नाय.”

राग आला. कौतुक राहिलं बाजूलाच! पण रबर काढला आणि चपलांच्या स्टँडवर ठेवला. उद्या निघताना तिथूनच घालायचा.

मग बाबांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला त्यांनी तोंडाकडे बघितलं.