उपरण्याखालची बोटं

बाबा, काल आपल्या कापसाच्या बाजारात नवा पंच निवडला, आणि तेव्हापासून मला इतकं हलकं वाटतंय की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही काही गावभर बोभाटा करणार नाही.

अमरावतीचा बाजार आता तुम्ही ओळखणार नाही. परमुलखात कुठं लढाई जुंपलीय म्हणे, तिच्यापायी आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आलेत. पार अकोल्याकडच्या गाड्या येतात, आणि बैल दिवसभर तहानलेले उभे असतात. मागच्या पंचानं त्यांच्यासाठी हौद बांधायचा शब्द दिला होता. मीच शहाणा, गाडीगाडीशी जाऊन त्याच्यासाठी लोकांचे हात वर करवले. हौद झाला, पण त्याच्या स्वतःच्या मळ्यात. एका दलालानं जाब विचारला, तर दुसऱ्या दिवशी त्याची बसायची जागा उकिरड्याशेजारी गेली. तुमची निंबाखालची जागा अजून माझ्याकडे आहे, बाबा. ती गेली तर माझी दलाली संपली. म्हणून यंदा ठरवलं, निवडणुकीकडे फिरकायचंच नाही. उडदामाजी काळेगोरे, काय निवडावे निवडणारे!

तुमची सून मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "घरी बसान तं त्यालेच बरं. बैलं काय मत द्याले येनार हायेत?" राग आला, पण उपरणं खांद्यावर टाकून निघालो.

बाजारात मतं मोजायला आलेल्या कारकुनानं हात वर करायला सांगितले. जुना पंच समोरच बसलेला, एकेकाकडे बघतोय. एकही हात हलेना. तेव्हा एक म्हातारा दलाल उठून म्हणाला, "सायेब, आमी भाव कसा ठरवतो? उपरन्याखाली बोटं दाबून. तसंच करा ना." कारकून परगावचा, कोणाचा मिंधा नाही. हसला आणि तयार झाला. जुन्या पंचासाठी एक बोट, त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या नव्यासाठी दोन. तो चाचपून घ्यायचा आणि आडोशाला धरलेल्या वहीत खूण करायचा.

रांगेत मला तुमची थप्पड आठवली. मी नुकताच तुमच्याजवळ बाजारात बसायला लागलो होतो, आणि तुम्ही बोटांनी सांगितलेला भाव चारचौघांत बोलून गेलो होतो. "उपरन्याखालचं बाहेर आनशीन, तं उद्या कोन हात देईन तुले?" म्हणाला होतात. तेव्हा फार लागलं होतं. काल त्याच थपडेचा आधार वाटला. माझा हात कापडाखाली गेला, घामानं चिंब, आणि मी दोन बोटं अशी दाबली की कारकून कळवळला.

जुना पंच पडला, आणि थोडाथोडका नाही. इतके दिवस वाटायचं, मी एकटाच मनातल्या मनात जळतोय. नवा तरी हौद बांधेल की नाही, देव जाणे. पण मी एकटा नव्हतो, बाबा, एवढ्यानंच छातीवरचा धोंडा उतरला.

एक मात्र कबूल करतो. आज सकाळी मी जुन्या पंचाच्या घरी गेलो आणि तोंड पाडून म्हणालो, "मी तं तुमालेच मत देल्लं."

तो सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "सकाळपासून सारेच असं म्हनून राह्यले, भाऊ. मंग मी पडलो कसा?"