सहातला एक

आई, मी बेळगावात गणित शिकवते हे तू बघितलंस, पण मला गणित कुणी शिकवलं ते तुला कधी सांगितलं नाही. निपाणीच्या घरात तू स्वयंपाकघराच्या दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायचीस आणि मी समोर पुस्तक उघडून. दोन फासे टाकले तर बेरीज सात येण्याचे प्रकार सहा, असं मी मोठ्यानं पाठ करत होते. तू विचारलंस, "एक-सहा काय आन् सहा-एक काय, सात ते सातच की गं. दोनदा कशाला मोजतीस?" "तुला न्हाय कळायचं," मी फटकन बोलले. तू सूप बाजूला ठेवलंस. मग उठून लुडोच्या डब्यातले दोन्ही फासे काढलेस, एकाला ओली हळद फासलीस आणि माझ्यापुढं मांडलेस. "पिवळ्यावर एक, पांढऱ्यावर सहा. आता पांढऱ्यावर एक, पिवळ्यावर सहा. व्हय गं, येगळंच हाय की!" तू हसत होतीस. मला शरम वाटली, कारण मलाही ते त्याच वेळी कळलं होतं.

म्हणूनच असेल, पुढं बेळगावच्या दवाखान्यात तू मला फाशातच विचारलंस. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं होतं. ऑपरेशन केलं तर तीनात एक पेशंट दगावतो, नाही केलं तर फार तर वर्षभर, असं ते म्हणाले. मी बाहेर येते. तू बाकावर बसली आहेस, चपला काढून, पाय वर घेऊन.

"काय म्हणला डॉक्टर? फाशाचं सांग, तसं कळतंय मला."

तीनात एक म्हणजे सहात दोन. नववीतल्या मुलीलाही जमेल असा हिशोब. माझ्या तोंडून निघालं, "सहातला एक, आई. एक पडला तरच धोका."

"म्हंजे पाच घरं आपली. मग करून टाकू. भिऊन कशाला बसायचं?"

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

मला अजून उलगडत नाही. चार घरं आपली, असं ऐकूनही तू तेच म्हणाली असतीस का? की घरी येऊन ते वर्ष जगली असतीस, जितकं मिळालं असतं तितकं? आणि त्या दिवशी पडलं काय? एक पडला असेल तर मी तुला सांगितलेलंच घडलं. दोन पडला असेल तर ते घर मी तुझ्यापासून लपवलं होतं. कुठला पडला हे कुणाला विचारायचं? मुलींना मी फळ्यावर सगळं सोडवून दाखवते, आणि हे एवढं मला सुटत नाही. तू नाही म्हणशील याची मला भीती वाटली होती, इतकंच नक्की आठवतं.

हा कागद मी आक्कालाही दाखवणार नाही. ती अजून म्हणते, "आईनं सगळं समजून हो म्हटलंतं गं." मी म्हणते, व्हय.