पाटी शेजारच्या दाराला

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि नागरिकशास्त्रात मी काठावर पास. राज्य कसं उभं राहतं यावर तुम्हाला लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. पण विचारायला दुसरं कोणी नाही.

मी सध्या ओसाकात, जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्या यार्डात बाइतो करतो, म्हणजे पार्टटाइम. आधी क्योतोत भांडी घासायचो, ते राहू दे. यार्डातलाच येमेनचा एक जण माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. आमच्या गल्लीत पाळीची एक लाकडी पाटी दारोदार फिरते. ती ज्याच्या दाराला, त्याने आठवडाभर कचऱ्याची जागा झाडायची, कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून जाळी टाकायची, आणि रविवारी पाटी शेजारच्या दाराला अडकवायची.

"ही कोणी पळवत नाही?" त्याने एकदा विचारलं.

"पळवून काय करणार, जास्त झाडणार?"

तो हसला नाही. "आमच्याकडे पळवतील. मग एक देश पळवणाऱ्याला पगार देईल, आणि दुसरा देश दुसऱ्याला नवी पाटी करून देईल."

मला आपली आठवीची टीम आठवली. तुम्ही कॅप्टन निवडायला सांगितलं होतं. नववीवाल्यांनी एका गटाला बॅट दिली, दहावीवाल्यांनी दुसऱ्याला स्टंप. कॅप्टन दोन झाले, मॅच झालीच नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या तासाला मी खिडकीबाहेर बघतोय, आणि तुमचा खडू येऊन कानाला लागतो. "बॅट बाहेरून मिळाली की वर्गाला विचारायची गरज उरत नाही. कळलं का रे भटक्या?"

हे त्याला सांगितलं, तर तो पंपाची गोष्ट सांगू लागला. त्याच्या गावात पाण्याचा पंप एक, हक्क सांगणारे गट तीन, प्रत्येकाचा पोशिंदा वेगळ्या देशात. पंप बंद. गावाने याला बोलावलं होतं, कारण हा कोणाचंच खात नाही.

"डिझेल कोण देणार?" मी विचारलं.

"घरं देतील, थोडं थोडं. घरांनी दिलं की घरांना विचारावं लागेल."

"आणि गट?"

यावर त्याने फक्त तिकीट दाखवलं. आणि गेला. गेल्या रविवारी निघताना पाटी पुसून माझ्या दाराला अडकवून गेला. त्यानंतर त्याचा निरोप नाही. पंप चालेल का, सर?

मला नागोयात काम मिळतंय, बॅग भरलेली आहे. पाटी रविवारपर्यंत माझी. खरं सांगतो, आजच ती शेजारच्या आजींच्या दाराला अडकवून सटकणार होतो. दारापर्यंत गेलो, आणि तशीच घेऊन परत आलो.