आजोबांची दुनळी आणि मिरोचा खांदा

२९ सप्टेंबर, रविवार

मिरोफोरा शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झाली. पहिल्याच खेपेस. मला दुसऱ्यांदा बसावं लागलं होतं, पण तेव्हा पेपर कठीण असायचे.

संध्याकाळी कॉफीच्या दुकानात सगळ्यांना माझ्यातर्फे कॉफी. बोलता बोलता जाहीर करून टाकलं, की तीन नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या रविवारी, माझी लेक तिच्या आजोबांची दुनळी घेऊन डोंगर चढणार आणि मी नुसती काठी घेऊन तिच्या बाजूनं चालणार. मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा माझे वडील असेच माझ्या बाजूनं चालले होते. दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो.

दुकान गप्प झालं. आदरानं, असं मला वाटतं.

पांबोस तेवढा बोलला. पांबोस माझ्या लग्नातला कुंबारो, साक्षीदार, आणि मिरोचा धर्मपिता. त्यामुळे न विचारता बोलायचा हक्क आपल्याला आहे असा त्याचा समज. म्हणाला, कुंबारो, पोरगी तुझ्या काखेपर्यंत येत नाही आणि ती बारा बोअरची तोफ आहे. माझ्या बायकोची, मारूल्लाची बारीक नळीची वीस बोअर कपाटात धूळ खातेय, ती दे तिला. मी सांगितलं, वीस बोअर म्हणजे बायकांची बंदूक. तो म्हणाला, मग मिरो कोण आहे? लोक हसले. विषय मी तिथेच संपवला.

३० सप्टेंबर

डेस्पोला कळलं. नवऱ्याच्या तोंडून कळण्याआधी ब्रेडवाल्याकडून कळलं याचा राग वेगळा. म्हणाली, या घरात एक बंदूक आहे तीच जास्त आहे. दुसरी आत आली की मी बाहेर. मी म्हटलं, दुसरी हवीय कुणाला? तसं वचन दिलं. तिनं ते संत मामासच्या तसबिरीपुढे उभं करून पुन्हा म्हणायला लावलं. आढेवेढे घेतले नाहीत. जे करायचंच नाही त्याचं वचन द्यायला काय जातंय?

मिरो नव्या वर्षात अथेन्सला मावशीच्या हॉटेलात कामाला जाणार. म्हणजे हाच एक हंगाम. हे मी कुणाकडे बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

६ ऑक्टोबर, रविवार

मिरोला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. वडिलांची दुनळी तिच्या हातात छान दिसते. थोडी लांब दिसते. बंदुकीचा लाकडी दस्ता काखेखाली जातो, मग ती मान पुढे काढते आणि कंबरेतून मागे झुकते. मी म्हटलं, ही स्टाइल चालेल.

मातीच्या तबकड्या उडत होत्या, पडत होत्या, शाबूत. पहिला बार उडाला तशी मिरो दोन पावलं मागे गेली. मी मागे उभा राहून तिच्या पाठीला हात लावला. मग दोघंही मागे गेलो. काडतुसांचं खोकं अर्धं झाल्यावर ती म्हणाली, बाबा, आज पुरे. मी म्हटलं, खांद्याला घट्ट लाव, सवय होईल. माझ्या वडिलांनी मला हेच सांगितलं होतं.

तिनं पुढचं काडतूस भरलं. माझ्यावर गेलीय.

८ ऑक्टोबर

एवढ्या उन्हाची मिरो लांब बाह्यांचा ब्लाउज घालून फिरत होती. डेस्पोनं तो खांद्यावरून खाली ओढून मला दाखवला. खांदा वांग्याच्या रंगाचा. मी म्हटलं, बर्फ लावा. डेस्पो म्हणाली, कुणाच्या डोक्याला?

मिरोनंच मध्ये पडून सांगितलं, आई, दुखत नाही गं. तिनं असं सांगायला नको होतं. मला जेवण गेलं नाही. उठून तिच्या खोलीच्या दारात उभं राहून शब्द दिला, की यापुढे तुला दुखेल असं काही खांद्याला लावायला सांगणार नाही.

आत्ता हिशेब करतो तर तीन वचनं झाली. दुकानाला: आजोबांचीच बंदूक. डेस्पोला: दुसरी बंदूक नाही. मिरोला: दुखणार नाही. तिन्ही माणसं भली, तिन्ही वचनं रास्त. फक्त तिघांना एका खोलीत येऊ द्यायचं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

तोडगा सापडला. वजन! बंदूक जड आहे म्हणून पोरीला त्रास. हलक्या पोरीला हलकी बंदूक. इतकं साधं आहे की कुणाला सुचलं नाही.

तिला घेऊन लिमासोलला आंद्रूला बाईंच्या दुकानात गेलो. विकत घ्यायला नाही, नुसतं बघायला. डेस्पोचं वचन शाबूत. पिसासारखी हलकी अशी बारा बोअर मागितली. आंद्रूला बाईंचा आवाज बंदरावर ऐकू जातो. ओरडून म्हणाल्या, अहो, बंदूक जितकी हलकी तितकी लाथ जोरात, धक्का झेलायला वजन नको का? मी म्हटलं, बाई, मी वीस वर्षं शाळेची बस चालवतोय, मला वजनाचं सांगू नका. त्या म्हणाल्या, मग बसमध्ये बसून मारा.

दुकानामागच्या मैदानात मिरोला ती हलकी बंदूक दिली. डाव्या खांद्याला लावते म्हणाली, उजवा अजून निळाच आहे. मी हरकत घेतली नाही. दोन बार काढले आणि बंदूक अगदी हळू टेबलावर ठेवली. मग गाडीत बसली. परतीच्या वाटेवर गाणी लावायला पाहिजेत हे मला फार उशिरा सुचलं.

तिसरं वचन मोडलं असं मी मानत नाही. बंदूक दुकानाची होती.

१५ ऑक्टोबर

मिरो आता दर गुरुवारी नाचाच्या क्लासला जाणार म्हणते. पांबोसची मारूल्ला नेऊन सोडते. चांगलं आहे. खांदे मोकळे होतील.

२० ऑक्टोबर, रविवार

खरं दुखणं आज कळलं. बोअर नाही, वजन नाही. लांबी! दस्ता लांब आहे, बस. कॉफीच्या दुकानात सगळ्या म्हाताऱ्यांचं एकमत झालं, जे सहसा होत नाही: दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या घडीत टेकवायचं, बोट चापावर पोचलं की बंदूक मापाची. आमच्या गावात तीन पिढ्या असंच माप घेतात. पांबोस म्हणाला, तीन पिढ्या गावात तित्तरं का वाढली ते कळलं.

मिरोला सरप्राइज द्यायचं असल्यामुळे माप डेस्पोचं घेतलं. दोघींची उंची सारखी. डेस्पो पीठ मळत होती. म्हटलं, हात जरा वाकव. कोपराला दस्ता टेकवला, बोट पुढे करायला लावलं, पिठाचा ठिपका जिथे पडला तिथून हिशेब केला. डेस्पोनं विचारलं, ही पण भाजायची आहे का? मी हसलो नाही. कामात होतो.

२७ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

डेस्पो आणि मिरो चर्चला गेल्या. दस्ता कापला.

करवत घातली तेव्हा हात थोडा थांबला. त्या लाकडाला एका जागी वडिलांच्या गालाची झिलई आहे. ती जागा वाचली. खाली पडलेला तुकडा साबणाच्या वडीएवढा. फेकवेना. खिशात ठेवला. कापलेल्या जागी रबरी पट्टी मारली, पॉलिश केलं. फारच सुबक काम झालंय. तिन्ही वचनं आता एका बंदुकीत बसली. हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

त्याच दिवशी, दुपार

मिरोनं दुनळी हातात घेतली, उलटीपालटी केली, रबरी पट्टीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग खांद्याला लावली. अंगठा नाकावर येत होता. तिनं तसंच मला दाखवलं.

मिरोची उंची डेस्पोची आहे, पण हात माझ्या वडिलांचे आहेत. लांब. अठरा वर्षं मी ते हात बघतोय, भाजीची पिशवी उचलताना, बसच्या खिडकीतून हलताना. एकदाही ध्यानात आलं नाही.

मी म्हटलं, सवय होईल. ती म्हणाली, बाबा, हिचा बार काढला तर नाक फुटेल. मी म्हटलं, तू फार नाजूक झालीयेस, नाचाच्या क्लासमुळे. ती एकदम रडायला लागली. खांदा निळा झाला तेव्हा रडली नव्हती.

नाचाचा क्लास नाहीच. दर गुरुवारी ती पांबोसबरोबर मैदानावर जाते. मारूल्लाच्या वीस बोअरनं तबकड्या फोडते. ती बंदूक जराशी जडच आहे, धक्का गिळते, दस्ता हाताला बसतो. आणि मिरो फोडते. दहातल्या सात. डेस्पोला पहिल्यापासून माहीत होतं. ब्रेडवाल्यालाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही दुकानात सगळ्यांसमोर बोलून बसला होतात. मला वाटलं, तुमचा शब्द कसा राहील?

म्हणजे महिनाभर मी तिची काळजी घेत होतो आणि ती माझी घेत होती. वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, लाज वाटली. अंगणात जाऊन लिंबाला पाणी घातलं. काल रात्री पाऊस झालाय.

२९ ऑक्टोबर

पांबोस घरी आला. वाटलं होतं, टोमणा मारेल. मारला नाही, हे जास्त लागलं. म्हणाला, कुंबारो, बंदूक मारूल्लाच्या नावावर आहे, आमच्या कपाटात राहील, डेस्पोला त्रास नाही. रविवारी रीतसर कागद करून पोरीला वापरायला देऊ. ती आमच्या टोळीबरोबर चालेल. तूही ये. काठी घेऊन ये, ठरलं होतं तसं.

आता काठी घेऊन गेलो तर गाव मला म्हणणार, लोइझोस, बंदूक कुठे? आजोबांची दुनळी डोंगरावर येणार असं मी म्हटलं होतं. तेव्हा दुनळी येणारच. मी आणणार. कापली आहे हे कुणाला कळायचं कारण नाही. लांबून सगळ्या बंदुका सारख्याच दिसतात.

डेस्पो म्हणाली, नाकाला काहीतरी गुंडाळून जा.

३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

पहाटे डोंगराच्या पायथ्याशी सगळं गाव. कोळशावर सूव्लाची, सळईवरच्या मटणाची तयारी, हातात हल्लूमी चीजचे तुकडे. दुनळी मी कोट खांद्यावर टाकून झाकून घेतली होती. विचारलं कुणी तर थंडी वाजते म्हणालो. घाम येत होता.

मिरो माझ्या उजवीकडे वीसेक पावलांवर. मारूल्लाची बंदूक तिच्या अंगाला मापात बसलेली. मी वडिलांसारखा गप्प चालायचं ठरवलं होतं, तेवढं मात्र जमत होतं. मग झुडपातून तित्तर उठलं. ते तिचं होतं. तिच्याच समोर उठलं होतं, तिनं बंदूक वर घेतलीही होती. पण माझ्या हातात वडिलांची दुनळी होती आणि मागे पांबोसची अख्खी टोळी बघत होती. मी बार काढला.

तित्तर गेलं. माझा अंगठा माझ्या नाकात गेला, असं पांबोस दुकानात सांगतोय. नाकात नाही, नाकावर. रक्त मात्र बरंच आलं. दगडावर बसलो. कोट घसरला होता, आखूड दस्ता सगळ्यांना दिसला. म्हातारे मात्र दुसरीकडेच बघत होते. माप त्यांचं होतं.

मिरो आली. बंदूक मधून उघडून, काडतुसं काढून, नीट बाजूला ठेवून मग माझ्याजवळ बसली. तेवढं मी तिला शिकवलंय. तिनं तिचा रुमाल माझ्या नाकाला धरला, मान वर करायला लावली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, बाबा, घट्ट लावा. सवय होईल.

मला हसू आलं तर आणखी रक्त आलं. तीही हसत होती. रुमाल धरलेला हात हलत होता, तोच लांब हात. पाखरू मी तिचं घालवलं होतं. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. अथेन्समध्ये तिच्या नाकाला, खांद्याला रुमाल लावायला कोण असेल, हा विचार मला तिथे दगडावर आला आणि डोळ्यांतूनही पाणी आलं. नाक फुटल्यावर येतंच, असं मी तिला सांगितलं.

त्यानंतर तिनं एक पाडलं. मी बघितलं, एका डोळ्यानं.

आता स्वयंपाकघरात बसून लिहितोय. दुनळी कपाटात ठेवली, हंगामभर तिथेच राहील. डेस्पोला धुवायच्या पँटच्या खिशात लाकडाचा तुकडा सापडला. तिनं तो या टेबलाच्या आखूड पायाखाली घातला. लग्न झाल्यापासून हलणारं टेबल आज पहिल्यांदा हलत नाहीये.

झोपायला जाताना मिरो दारात थांबली. म्हणाली, बुधवारी परत जायचंय. बंदूक नका आणू, बाबा. नुसते या.

मी म्हटलं, बघतो, बुधवारी बस असते. मग पांबोसला फोन करून बुधवारची बस त्याच्या भावाला चालवायला सांगितली, आणि माळ्यावरून वडिलांची काठी काढली. माझ्या मापाची आहे. वडिलांनी कुणाचं माप घेतलं होतं कुणास ठाऊक.